वाळूत सापडलेलं कुणाचं?

गेल्या हिवाळ्यात सलग तीन रात्री मला झोप लागली नाही. कारण कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. सात वर्षांच्या मुलीवर पुरातन वस्तू घरात ठेवल्याची केस होऊ शकते का, हे मी फोनवर शोधत होते. इंग्रजीत शोधलं तर वकिलांच्या जाहिराती आल्या. मराठीत शोधलं तर 'मुलांना इतिहासाची गोडी कशी लावावी' असा लेख आला. गोडी लागली होती हो, तोच तर प्रॉब्लेम होता!

पण ते शेवटी. आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही, आणि आधीचं खूप आहे. आम्ही दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनला राहतो. इथे वाळवंटात एक चक्कर मारून आलं की गाडी कितीही व्हॅक्यूम करा, पुढचा महिनाभर सीटच्या फटीतून वाळू निघत राहते. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगून संपला असं वाटतं, तोवर दुसरा बाहेर येतो.

* * *

सुरुवात शू रॅकपासून झाली.

आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब कायमचं देश सोडून चाललं होतं. इथे अशा वेळी घरातलं सगळं विकायला काढतात, आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकजण दुसऱ्याच्या संसारातला एखादा तुकडा उचलून आणतो. मी मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शू रॅक आणायला पाठवलं. तो मेटल डिटेक्टर घेऊन आला.

"अडीचशे दिरहम फक्त! नवीन केवढ्याला मिळतो माहितीये?"

"अडीचशे म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये, मंदार. आणि चपला कुठे ठेवायच्या?"

"चपला हरवल्या की यानेच शोधू!"

मंदार हमरिया फ्री झोनमध्ये एका पाईपच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी टेस्टिंग. लगेच त्याने हॉलमध्ये मशीन सुरू केलं. सोफ्याजवळ ते जोरात ओरडलं. उशा काढल्या, कापड उसवलं, आणि आत सापडलं माझं सोन्याचं कानातलं. तेच, जे हरवलं म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी खालच्या लाँड्रीवाल्याकडे तीन वेळा चौकशी करून आले होते. तिसऱ्या वेळी माझा आवाज जरा वेगळाच लागला होता.

मंदार विजयी चेहऱ्याने म्हणाला, "पैसे वसूल!"

मला मात्र आता लाँड्रीवाल्याची माफी मागायला हवी होती. माझ्यात तेवढी हिंमत नाही. मी त्या महिन्यात धुतलेल्या चादरीसुद्धा परत धुवायला टाकल्या!

* * *

मशीन आल्यावर ग्रुप व्हायला किती वेळ लागतो? एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज.

ग्रुपमध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, मंदार आणि आमची लेक अन्वी. शिवाय इक्बालभाई. ते मूळचे रत्नागिरीकडचे, पंचवीस वर्षं अजमानला बोटींच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. चौथ्या मजल्यावरच्या जोशी मॅडम इथल्या एका इंडियन शाळेत इतिहास शिकवतात. त्या ग्रुपमध्ये का आल्या, असं मी एकदा विचारलं. "कुणीतरी नजर ठेवायला नको का?" म्हणाल्या.

पहिल्या शनिवारी सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. तीन तासांत बाटल्यांची झाकणं, तंबूचे खिळे, बार्बेक्यूच्या सळया आणि एक चमचा. मग मशीन असं काही किंचाळलं की अन्वीने कानांवर हात ठेवले. मंदार आणि इक्बालभाई गुडघ्यांवर बसून कुत्र्यासारखे वाळू उकरू लागले. बऱ्याच वेळाने एक जाडजूड गंजका लोखंडी शॅकल निघाला. बोटीचा नांगर साखळीला अडकवायची कडी असते, ती.

मंदारचे डोळे चमकले. "जुनी असेल का हो? पोर्तुगीज वगैरे?"

इक्बालभाईंनी ती उलटीपालटी केली. थुंकी लावून अंगठ्याने पुसली. मग शांतपणे म्हणाले, "पोर्तुगीज नाय. माझ्याच दुकानातली हाय. मागच्या रमजानच्या आधीचा माल."

"कशावरून?"

"हबीबी, वर माझा स्टिकर हाय अजून!"

* * *

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला माझा जीव खऱ्या अर्थाने गेला.

आम्ही किनाऱ्यावर मशीन फिरवत होतो. मागून एक मोठी पांढरी गाडी आली आणि थेट आमच्यापाशी थांबली. काच खाली झाली. आत पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातले, एक वयस्कर गृहस्थ. चेहऱ्यावर काही नाही. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. अन्वीच्या शाळेचा दाखला, फ्रीजमधलं दूध, पुण्याचं तिकीट.

"क्या ढूंढता है?" त्यांनी विचारलं. इथल्या जुन्या लोकांना हिंदी छान येतं.

मंदार इंग्रजीत अटेन्शनमध्ये उभा राहिला. "नथिंग सर! वी आर नॉट फाइंडिंग एनिथिंग, सर!"

हे दुर्दैवाने अगदी खरं होतं.

गृहस्थांनी मशीनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मेरा चाबी ढूंढेगा?"

आदल्या संध्याकाळी त्यांच्या नातवंडांनी पिकनिकला खेळता खेळता दुसऱ्या गाडीची चावी वाळूत पुरली होती. कुठे ते नातवंडांपैकी प्रत्येकाने वेगळं सांगितलं होतं. मंदारने अर्ध्या तासात चावी काढून दिली. मी त्याच्याकडे लग्नातसुद्धा इतक्या अभिमानाने पाहिलं नसेल. गृहस्थांनी घरी फोन केला आणि थोड्या वेळात आमच्यासाठी खजुराचं एवढं मोठं तबक आलं की गाडीत अन्वीला ते मांडीवर घेऊन बसावं लागलं.

निघताना मात्र त्यांनी काच परत खाली केली. "चाबी, अंगूठी, सब ठीक. लेकिन पुराना चीज मिला तो हाथ नहीं लगाने का. वो मेरे दादा का है."

गाडी गेल्यावर मंदार हळूच म्हणाला, "आता इथे निघणारी दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू यांच्या आजोबांची कशी?"

जोशी मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आजोबांची आहे का?"

"नाही."

"मग खलास!"

* * *

यावरून जो वाद सुरू झाला तो आमच्या घरी जेवताना, आणि नंतर चहावर, आणि नंतर शू रॅकशिवायच्या त्या चपलांच्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून तासभर चालला.

मंदारचं म्हणणं साधं होतं. वस्तू वाळूत पडून सडण्यापेक्षा कुणीतरी काढली तर बरं नाही का? आम्ही काही विकणार नाही. कपाटात ठेवू, प्रेमाने बघू.

"वस्तू काढलीस की निम्मी वस्तू तिथेच राहते," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे तुटते?"

"तुटत नाही रे बाबा! थांब, दाखवते." त्यांनी ढिगातली मंदारची एक चप्पल उचलली. "हिच्याबद्दल काय काय सांगता येईल? सांगा."

इक्बालभाई म्हणाले, "नऊ नंबर. टाच उजवीकडून झिजलीय. बाजूला छोटी गुलाबी सँडल हाय, म्हणजे माणूस पोरीचा बाप. वहिनींची चप्पल वर पडलीय, म्हणजे घरात त्यांचा हुकूम चालतो."

"शाब्बास!" मॅडम चप्पल घेऊन लिफ्टने खाली गेल्या. पाच मिनिटांनी रिकाम्या हाताने वर आल्या. "आता ती चप्पल पार्किंगमध्ये कुठेतरी एकटी पडलीय. ज्याला सापडेल त्याला काय कळेल? काही नाही. नुसती एक चप्पल! बाप गेला, पोरगी गेली, घर गेलं. मशीनवाले नेमकं हेच करतात. आजूबाजूचं मातीत मिसळून टाकतात आणि शोभेची वस्तू घेऊन घरी जातात."

मला तर वाळवंटातल्या त्या अनोळखी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बापाबद्दल एकदम भरून आलं.

मग मंदार म्हणाला, "पटलं मॅडम. आता चप्पल कुठे ठेवलीय?"

मॅडमना आठवेना!

पार्किंगचे दोन मजले आम्ही पाचजण शोधत होतो. अन्वीने मशीन आणायचं सुचवलं. चप्पल रबराची होती.

* * *

त्यानंतर नियम ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण काळजी हा या घरात माझाच पोर्टफोलिओ आहे.

मी कायदा वाचला. तो तसा सरळ आहे. या देशात सापडलेली पुरातन वस्तू देशाची. परवानगीशिवाय तिच्यासाठी खणायचं नाही. चुकून काही सापडलं तर वेळ न घालवता कळवायचं. एवढंच. पण 'चुकून' या शब्दावर मंदार अडला.

"मशीन घेऊन गेल्यावर जे सापडेल ते चुकून कसं?"

हा प्रश्न त्याने विचारावा आणि त्याला स्वतःलाच तो अडचणीचा वाटू नये! हौशी मशीनला परवाना लागतो का, किनाऱ्यावर चालतं का, वाळवंटात चालतं का, हे विचारायला मी ओळखीतल्या चार जणांना फोन केले. चार उत्तरं मिळाली. चौघांचंही शेवटचं वाक्य एकच होतं : "इन्शाल्ला, काही होणार नाही." इथे येऊन मला आठ वर्षं झाली. 'इन्शाल्ला काही होणार नाही' ऐकल्यावर माझ्या पोटात जो खड्डा पडतो तो अजून कुठल्या फावड्याने पडलेला नाही.

शेवटी मी आमच्यापुरते नियम केले. एक, फक्त पिकनिकच्या गर्दीचे किनारे. दोन, जुनी ठिकाणं, कुंपणं, दगडांचे ढीग दिसले की मशीन बंद करून गाडीत. तीन, अन्वीच्या प्लास्टिकच्या फावड्याने जितकं खणता येईल तितकंच खणायचं.

तिसऱ्या नियमावर मंदारने क्वालिटी इन्स्पेक्टर या नात्याने फावड्याची लांबी मोजून ग्रुपवर टाकली. पुढच्याच शनिवारी इक्बालभाई स्वतःच्या दुकानातून चार फुटी फावडं घेऊन आले. मी नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, दांडा लाकडाचा हाय, पण मूठ बघा ना, प्लास्टिकची!"

* * *

आणि मग तो शनिवार.

गंमत बघा, मशीन त्या दिवशी गाडीतच होतं. दोन दिवस पाऊस पडून गेला होता. आम्ही खाडीच्या कडेला नुसते फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. अन्वी शंख गोळा करत होती. वाळूच्या एका उताराखाली ती बसली आणि हाक मारली, "मम्मा, समवन लेफ्ट देअर स्पून!"

हिरवीगार झालेली, तळहाताएवढी वाटी, आणि तिला अर्धा मोडलेला दांडा. पावसाने वाळू वाहून गेली होती आणि ती नुसती वर पडली होती. आपल्या देवघरातल्या पळीची जणू खापरपणजी!

मी ओरडले, "हात लावू नको!" तोवर अन्वीने ती माझ्या हातात ठेवलीही होती.

मंदारने लगेच फोनवर लोकेशन सेव्ह केलं. घरी आल्यावर कळलं की ते आमच्या गाडीचं लोकेशन होतं, पाचशे मीटर लांब. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा फोन पाच सेकंदांत. "धुवू नका! पुसू नका! घासू नका! तो हिरवा थर म्हणजे तिचं वय आहे. कोरड्या टिश्यूत ठेवा आणि पहिल्यांदा म्युझियमला कळवा. आणि परत नेऊन तिथे टाकायची अक्कल लढवू नका, ते आणखी वाईट!"

परत नेऊन टाकायचा सल्ला इक्बालभाईंनी नुकताच दिला होता, आणि मी गाडीची किल्ली शोधत होते. मी किल्ली खाली ठेवली.

आता ऐका माझी कर्तबगारी. शनिवार-रविवार काय लिहायचं या विचारातच गेले. सोमवारी मी म्युझियमला ई-मेल लिहायला घेतला. 'डिअर सर, वी अ‍ॅक्सिडेंटली फाउंड.' 'अ‍ॅक्सिडेंटली' वाचून कुणाला अपघात वाटेल का? खोडलं. 'माय डॉटर फाउंड.' सगळं मुलीवर ढकलतेय असं वाटेल का? खोडलं. 'इट वॉज फाउंड.' कुणीतरी लपवतंय असं वाटलं. खोडलं. मंगळवार गेला. बुधवार गेला. कायदा म्हणत होता वेळ घालवू नका आणि मी स्वल्पविराम तपासत होते. रात्री विचार यायचे, की सातव्या वर्षी मुलीचं नाव एखाद्या फाइलमध्ये गेलं, मंदारचा व्हिसा रिन्यू झाला नाही, आणि सगळ्याचं मूळ माझा ड्राफ्ट फोल्डर!

* * *

त्या आठवड्यात माझ्या सासूबाई नाशिकहून आमच्याकडे आलेल्या होत्या. आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. उगाच काळजी करतील म्हणून. काळजी करायला मी होतेच.

पळी मी टिश्यूत गुंडाळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातली होती, आणि घरातली सगळ्यात सुरक्षित, अन्वीचा हात न पोचणारी, कुणी उगाच न उचकणारी जागा म्हणून डबा देवघराच्या वरच्या कप्प्यात ठेवला होता. कुणी न उचकणारी! घरात सासूबाई असताना!

गुरुवारी सकाळी मी अन्वीला शाळेच्या बसपर्यंत सोडून वर आले, तर आई पहाटेच पूजा आटपून देवघरापाशी बसल्या होत्या. त्यांनी मला तीर्थ दिलं. मी हात पुढे केला, घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. आणि मग पळीकडे नीट पाहिलं.

ती सोन्यासारखी लखलखत होती.

"आई," मी म्हणाले, "ही कुठली?"

"कुठली काय! तुझीच. देवाची भांडी कुणी अशी ठेवतं का गं? हिरवीकंच झाली होती! मी म्हटलं, सुनेला नोकऱ्या-शिक्षणं असतात, वेळ नसेल मिळत. नाशिकची चिंच आणलीय ना मी, चिंच-मिठात अर्धा तास ठेवली, मग खसखसून घासली. दांडा मोडलाय, पण पितळ काय आहे बघ! असं हल्ली मिळत नाही."

"नाही मिळत, आई," मी म्हणाले.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार पुरातत्त्वाचा आला नाही. पहिला विचार आला, की इथे अशा जुन्या वस्तू थडग्यांतच निघतात, म्हणजे ही पळी बहुतेक कुणाच्या तरी थडग्यातली आहे आणि आत्ताच मी तिच्यातून पाणी प्यायले आहे! दुसरा विचार तोंडातूनच निघाला, "सकाळी अन्वीनेही घेतलं का?"

"दोनदा घेतलं तिने," आई कौतुकाने म्हणाल्या.

* * *

त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये तातडीची बैठक झाली. मध्ये टीपॉयवर टिश्यूवर पळी. ती इतकी चमकत होती की छतावर तिचा ठिपका पडला होता.

खरं काय ते आईंना आता सांगावंच लागलं. त्यांनी पळीकडे आणि डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला काय स्वप्न पडलं होतं? श्रीखंडाच्या डब्यात सरकारी माल ठेवतात होय?"

मी पळीखालचा टिश्यू सारखा केला.

इक्बालभाईंनी पळी उजेडात धरली. "घाबरू नका वहिनी. समुद्राच्या पाण्यात आठ दिवस घालून ठेवा, परत हिरवीगार होते. माझ्या गोदामातले पितळी नट बघा, दोन महिन्यांत मोहेंजोदडो! कुणाला कळणार पण नाय."

खरं सांगू? मला तो उपाय आवडला. हिरवी होती, हिरवी दिली. प्रश्न मिटला. मी मनात बादली कुठली घ्यायची तेही ठरवलं. निळी.

जोशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "थर गेला, ते अज्ञान होतं. नवा चढवलात तर ते खोटं होईल. तुमचं तुम्ही ठरवा." आणि चहाचा कप उचलून शांतपणे प्यायला लागल्या. अशा शांतपणे की आपला चहा आपल्याला गोड लागू नये.

मंदार माझ्याकडे बघत होता. इक्बालभाई माझ्याकडे बघत होते. आणि सोफ्याच्या हातावर बसून अन्वी माझ्याकडे बघत होती. ती रोज मला विचारते की दात घासलेस का, आणि मी रोज खरं सांगते, असा तिचा समज आहे.

मी फोन घेतला, ड्राफ्ट उघडला, सगळा खोडला, आणि चार ओळी लिहिल्या. मुलीला सापडली. आम्ही उशीर केला. घरात चुकून घासली गेली. घेऊन कधी येऊ? आणि पाठवून दिला. पाठवल्यावर दिसलं की 'डिअर सर' राहूनच गेलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं. एका ओळीचं. शनिवारी दहा वाजता या.

* * *

म्युझियममध्ये आम्ही पूर्ण वऱ्हाड घेऊन गेलो. आई म्हणाल्या, "मी घासली, मी येणार. सुनेला एकटीला पुढे करायची आमच्यात पद्धत नाही." मी आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात धरला. इक्बालभाई अरबी बोलायला आले. जोशी मॅडम नजर ठेवायला आल्या.

मंदारने ऑफिसच्या सवयीने रिपोर्ट तयार केला होता. पाईपमध्ये दोष सापडला की भरतात तो फॉर्म. दोषाचं वर्णन : पृष्ठभागावरील थर नाहीसा. मूळ कारण : अंतर्गत संवादाचा अभाव. पुन्हा होऊ नये म्हणून उपाय : श्रीखंडाचे डबे वापरू नयेत.

"मूळ कारणात माझं नाव नाही ना घातलंस?" आईंनी गाडीतच विचारून घेतलं होतं.

तिथल्या अधिकारी बाई तिशीतल्या, काळ्या अबायातल्या, अत्यंत मऊ आवाजाच्या. त्यांनी आधी सगळ्यांना गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर दिले. म्हणजे अपराध्यांनाही आधी खजूर! मग हातमोजे चढवले, टिश्यू उलगडला, आणि थांबल्या.

पळीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. त्यांनी ती उलटी केली. सुलटी केली. नाकाजवळ नेली आणि भुवया उंचावल्या. चिंचेचा वास येत असावा.

"हू फाउंड इट?"

अन्वीने हात वर केला, वर्गात करतात तसा. बाईंनी तिला कागद दिला आणि तिने उतार, खाडी, एक वाकडं झाड आणि फ्लेमिंगो काढून दाखवले. आमच्या पाचशे मीटर लांबच्या लोकेशनपेक्षा ते चित्र त्यांना जास्त कामाचं वाटलं. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, तिथे आमची माणसं जाऊन बघतील. मला वाटलं, संपलं. सुटलो.

मग त्यांनी पळी परत उचलली. त्याच मऊ आवाजात विचारलं, "अँड हू क्लीन्ड इट?"

इक्बालभाई अरबी विसरले. मंदारने फॉर्म काढला आणि तो उलटा धरला. आईंना इंग्रजी येत नाही, पण त्यांना प्रश्न कळला असावा, कारण त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि ताठ उभ्या राहिल्या.

बाई वाट बघत होत्या. त्यांच्या मागे काचेचं लांबलचक कपाट होतं, आणि त्यात ओळीने मांडलेल्या वाट्या, पळ्या, घंटा, भाल्यांची टोकं, सगळं हिरवंगार. अन्वी त्या काचेला नाक लावून उभी होती. ती वळली. बाईंकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि अतिशय समजूतदारपणे म्हणाली,

"माय आजी डिड. शी कॅन डू ऑल ऑफ दीज टू. बट शी इज गोइंग बॅक ऑन मंडे, सो यू हॅव टू हरी अप."